वावरातला हिरवा चमकणारा दगड अभ्रकच आहे का?

बांधीवाला, साकोली: बोडी (शेतातलं छोटं तळं) खोल करताना हिरवा दगड निघाला. उन्हात धरला की जरीसारखा चमकतो. नखाने पापुद्रे सुटतात, बोटाला चमकी लागते. आमच्या बाबांनी आयुष्यभर पांढरंच अभ्रक पाहिलं, हिरवं कधीच नाही. तांब्याचा तर नसेल?

दगडवेडी: दादा, फुक्साइट असू शकतं. म्हणजे साधं पांढरं अभ्रकच, पण त्यात थोड्या ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम बसलेलं. हिरवा रंग त्याचाच. नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ फुक्स यांच्यावरून पडलं. पण क्लोराइट नावाचं दुसरं पापुद्र्यांचं खनिजही हिरवंच असतं, फसू नका. पातळ पापुद्रा टाचणीने वाकवून सोडा. अभ्रक झटकन सरळ होतं, क्लोराइट वाकलेलंच राहतं.

बांधीवाला, साकोली: तीनदा केलं. टणकन सरळ झाला! पापुद्रे पांढऱ्या गारेत रुतलेत.

दगडवेडी: मग अभ्रकच! ती गार म्हणजे क्वार्ट्‌झ. दाब-उष्णतेने बदललेल्या खडकांत, जिथे क्रोमियम मिळालं तिथेच हे तयार होतं. भंडाऱ्याकडचे कायनाइट या खनिजाचे खडकही तसेच बदललेले. काठिण्य १ ते १० च्या मोह्स मापावर जेमतेम २ ते ३, म्हणून घासून धुऊ नका. कापडात गुंडाळा, अन् नेमका कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.