कम्युनिस्ट संपले नव्हते

१९९१ नंतर रशियात कम्युनिस्ट संपलेच, अध्यक्ष येल्त्सिनना विरोधकच उरला नव्हता, हे म्हणणं पटत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये दूमाच्या (रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) ४५० पैकी १५७ जागा घेऊन झ्युगानोव्ह यांचा कम्युनिस्ट पक्षच सर्वांत मोठा ठरला होता. जून १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत येल्त्सिन ३५ टक्के, झ्युगानोव्ह ३२. इतकं घासून! तिसरे आलेले जनरल लेबेद यांना येल्त्सिननी दोन दिवसांत रशियाच्या सुरक्षा परिषदेचं सचिवपद देऊन वळवून घेतलं.

आणखी एक. दुसऱ्या फेरीच्या तोंडावर येल्त्सिनना हृदयविकाराचा झटका आला, तो मतदारांपासून दडवला गेला. मतदान त्यांनी मॉस्कोऐवजी शहराबाहेरच्या बार्विखाच्या आरोग्यधामात केलं. त्या निवडणुकीतली सर्वांत गंभीर गोष्ट मला हीच वाटते. बायपास झाली ती नोव्हेंबरात, निकालानंतर चार महिन्यांनी.