माकूळ जहाज ओढतो म्हणे!

खोलपाणी :
"खलाशी थापा मारत नव्हते, महाकाय माकूळ (जायंट स्क्विड) जहाजाला विळखा घालून तळाशी नेऊ शकतो," असं रातकिडा यांनी काल ठोकून दिलंय. राहवलं नाही. अहो, मापं तरी बघा! मोठ्यात मोठी मादी १२-१३ मीटर, त्यात निम्म्याहून जास्त लांबी दोन शिकारी सोंडांची. धड जेमतेम सव्वादोन मीटर, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. अंगात समुद्राच्या पाण्याहून हलकं अमोनियम क्लोराइडचं द्रावण भरलेलं, म्हणून पाण्यात तरंगून राहतो. असला लगदा जहाज ओढणार? आणि देवमाशाशी त्याची ती 'घनघोर झुंज'! स्पर्म व्हेल त्याला खातो हो. झुंज कसली, जेवण आहे ते.

रातकिडा :
लगदा? मग व्हेलच्या कातडीवर चूषकांचे गोल व्रण कुठून येतात? जेवताना ताट ओरबाडत नाही कुणाला. दरवेळी फूटपट्टी घेऊन गोष्टींची मजा मारायची हौसच असते काहींना.

खोलपाणी :
व्रण असतात, नाही कोण म्हणतंय. पण व्हेल वाढतो तसा व्रणही ताणला जातो. त्याच व्रणांवरून गणितं मांडून लोकांनी अवाढव्य माकूळ जन्माला घातले.

पुस्तकी_किडा :
तुमचं चालू द्या, पण खरा गुन्हेगार भाषांतरकार आहे. ज्यूल व्हर्नची पाणबुडीवाली कादंबरी ('ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी') लहानपणी ज्या संक्षिप्त रूपांतरात वाचली, त्यात पाणबुडीवर हल्ला करणारा प्राणी सरळ 'ऑक्टोपस' होता. पुढे माकूळ वेगळा हे कळलं. आठ बाहू, दोन सोंडा, एकूण दहा. तसं परीक्षेत लिहिलं, तर सरांनी दोन मार्क कापले. "आठच असतात, गोष्ट वाचली नाहीस का?" म्हणे. भाषांतरकारांना जाब विचारणारं कुणीच नाही.

मूळप्रत :
भाषांतरकाराला झोडपणं सोपं असतं. मूळ फ्रेंच उघडा. प्रकरणाचं नाव 'पूल्प', म्हणजे ऑक्टोपस. आत प्राण्याला म्हटलंय 'काल्मार', म्हणजे माकूळ. आणि हात दिलेत आठ! घोळ खुद्द व्हर्नचा. गंमत पुढेच आहे : लांबी सांगितलीय ८ मीटर, म्हणजे खऱ्यापेक्षा कमीच, आणि वजन २० ते २५ हजार किलो. खऱ्याच्या सत्तर ते नव्वद पट!

पुस्तकी_किडा :
आपल्याला फ्रेंच येतं हे समजलं. अभिनंदन. मूळात चूक असली तर तळटीप द्यायला हात मोडले होते का?

मूळप्रत :
मुलांच्या संक्षिप्त पुस्तकात तळटीप? भाषांतर करून बघा एकदा, मग बोला. मी केलंय, मानधन अजून यायचंय. असो. व्हर्नने जिचा दाखला दिलाय ती घटना खरी आहे. १८६१मध्ये कॅनरी बेटांजवळ 'अलेक्तों' या फ्रेंच युद्धनौकेला असा प्राणी दिसला. दोर टाकून ओढायला गेले, तर दोर मांसात रुतला आणि शेपटाकडचा तुकडा तेवढा हाती आला. म्हणजे ओढाओढ झाली, पण जहाजाने माकळाला ओढलं!

खोलपाणी :
हेच तर मी केव्हाचा सांगतोय.

भरतीओहोटी :
लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ८.६२ मीटरचा माकूळ जतन केलेला पाहिलाय. लांबच लांब टाकीत, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा फिकट. भीती राहिली बाजूला, कीव आली. तेव्हा मलाही लगदाच वाटला होता. पण खोलपाणी, तुम्ही मेलेल्यावरून जिवंताला जोखताय. कुबोदेरा आणि मोरी या जपानी संशोधकांनी २००४मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ ९०० मीटर खोल पाण्यात आमिषावर झडप घालणाऱ्या जिवंत माकळाचे फोटो काढले. गळात अडकलेली सोंड सोडवायला तो चार तासांहून जास्त झगडला आणि शेवटी साडेपाच मीटरचा तुकडा मागे टाकून गेला. त्याआधी शास्त्रज्ञांपैकीही काहींना तो सुस्त, नुसता लोंबकळणारा वाटायचा.

रातकिडा :
ऐका! म्हणे लगदा!

खोलपाणी :
ठीक आहे, लगदा शब्द मागे घेतो. झडप घालतो, झगडतो, सगळं कबूल. जहाज मात्र ओढत नाही.

रातकिडा :
बरं बुवा, नाही ओढत. एखादी होडी तरी चालेल का, की तिलाही फूटपट्टी लावणार?

पुस्तकी_किडा :
हातांचं काय ठरलं शेवटी? दहाच ना? माझे दोन मार्क अजून बाकी आहेत.