उत्पत्ती २२ : मोजून झालं, आता पुढे काय?

अनुस्वार
बायबलचं हिब्रू शिकतेय, हे दुसरं वर्ष. क्रियापदांचे सातही बिन्यान (म्हणजे रूपांचे साचे) तोंडपाठ आहेत आणि शब्दकोश उशाशी ठेवून गद्य वाचता येतं. आता टिपण लिहायचंय : उत्पत्तीचा २२वा अध्याय, वचनं १ ते १९, 'भाषा आणि शैली'. अब्राहाम मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला नेतो, तो भाग.

मी मार्कर घेऊन बसले. समांतर ओळींना (एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणाऱ्या जोडओळी) पिवळा, पुनरुक्तीला हिरवा. दोन रविवार गेले. पिवळा जवळजवळ कोरा राहिला आणि हिरव्याने पानं माखली. 'बेन', म्हणजे मुलगा, हा शब्द १० वेळा आलाय. 'हिन्नेनी' (हा मी) ३ वेळा. 'वय्येलखू श्नेहेम यख्दाव', म्हणजे 'आणि ते दोघे बरोबर चालले', हे वचन ६ आणि ८ मध्ये जसंच्या तसं आहे. मोठ्या हौसेने तक्ता केला. मसुदा वाचणाऱ्याने समासात एकच शब्द लिहिला : 'म्हणून?'

दुसरी तक्रार माझी मलाच. हिब्रूत जे दाताखाली खड्यासारखं लागतं, ते मी मराठीत आणलं की गुळगुळीत होतं. दोष माझा की मराठीचा?

पोटफोड्या ष
दोष 'ऊन'चा!

वचन ३ घ्या. तुम्ही बहुतेक असं केलं असणार : 'अब्राहाम पहाटे उठून, गाढवावर खोगीर घालून, दोन गडी आणि इसहाकाला घेऊन, लाकडं फोडून निघाला.' मराठी म्हणून झकास. पण यात खरं क्रियापद एकच, 'निघाला'. बाकीची सगळी त्याच्या मागे ओढली गेली. हिब्रूत तसं नाही. तिथे 'आणि उठला पहाटे, आणि खोगीर घातलं, आणि घेतलं, आणि फोडली, आणि उठला, आणि गेला' अशी सहा पूर्ण क्रियापदं आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या पायावर उभा आहे. 'वय्यश्केम, वय्याहवोश, वय्यिक्काह, वय्येवक्का, वय्याकोम, वय्येलेख'. मोठ्याने वाचा. प्रत्येक कृती केली, संपली, मग पुढची. तो माणूस विचार करतोय की नाही हे कथा सांगत नाही, फक्त हात चालताना दिसतात.

म्हणून कच्चा खर्डा करताना 'ऊन' स्वतःला बंद करा. मराठी वाईट होईल, होऊ द्या.

आता तुमच्या हिरव्या रंगाबद्दल. 'ते दोघे बरोबर चालले' दोनदा आलं हे मोजलंत, पण तिसऱ्या वेळी काय होतं ते पाहिलंत का? वचन ९ची सुरुवात 'वय्यावोऊ', 'ते आले', अनेकवचन. त्यापुढे वेदी बांधली, लाकडं रचली, मुलाला बांधलं, वर ठेवलं, हात पुढे केला, सुरी घेतली : सगळी एकवचनं. 'दोघे' तिथे संपले. आणि वचन १९ मध्ये 'वय्येलखू यख्दाव' पुन्हा येतं, 'बरोबर चालले', पण 'श्नेहेम' गायब. आता बरोबर कोण, तर गडी. इसहाकाचं नावही नाही. 'म्हणून?'चं उत्तर इथे आहे. पुनरुक्ती झाली यापेक्षा तिसऱ्या खेपेला तिच्यातून काय गळलं ते लिहा.

आणि वचन ७ सोडू नका. 'आणि इसहाक आपल्या बापाला म्हणाला, आणि म्हणाला : बाबा.' पहिल्या 'वय्योमेर'नंतर ('आणि म्हणाला') बोललेला एकही शब्द नाही! पोरगं बोलायला गेलं आणि अडखळलं. मला तर तिथे दर वेळी आवंढा गिळलेला ऐकू येतो.

खोडरबर
पिवळा मार्कर कोरा राहिला कारण तुम्ही तो चुकीच्या पानावर घेऊन बसलात. समांतर रचना हा पद्याचा जीव. बिशप लाउथने ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत ती मांडली, ती १७५३ साली छापली गेली, तेव्हापासून जो तो ती सगळीकडे शोधत सुटतो. हे गद्य आहे.

तो रंग वापरायचाच तर बायबलमधल्याच 'शास्ते' या पुस्तकाचे अध्याय ४ आणि ५ शेजारी ठेवा. एकच घटना, याएल ही बाई शत्रूचा सेनापती सीसरा याला मारते, आधी गद्यात आणि मग दबोराच्या गीतात. गद्यात तो थोडं पाणी मागतो, ती दुधाची बुधली उघडते, त्याला पांघरूण घालते. झोपलेला असताना खुंटी ठोकते. गीतात : 'मायिम शाआल, हालाव नातानाह'. पाणी मागितलं, दूध दिलं. चार शब्द! पुढच्या ओळीत तेच दूध सरदारी वाडग्यातलं दही होऊन येतं. म्हणजे दुसरी ओळ पहिलीचा प्रतिध्वनी नाही, एक पायरी वर चढते. जेम्स कूगेल या अभ्यासकाने १९८१ साली लाउथने केलेल्या समांतर ओळींच्या गटवारीवर हाच आक्षेप घेतला. वचन २७ मध्ये तर सीसरा तिच्या पायांशी पडतो, पुन्हा पडतो, पुन्हा पडतो. गद्यात तो आडवाच होता. गीताला मात्र त्याला पडताना बघायचंय.

काना_मात्रा
पोटफोड्या, तुमचा आवंढा छान आहे, पण अनुस्वारताईंनी तो टिपणात घालू नये.

दोन वेळा 'वय्योमेर', मध्ये काहीच बोलणं नाही, हे आणखीही सापडतं. उत्पत्ती ४६:२ : 'आणि देव इस्राएलाला रात्रीच्या दृष्टान्तात म्हणाला, आणि म्हणाला : याकोब, याकोब. आणि तो म्हणाला : हिन्नेनी.' (इस्राएल म्हणजे याकोबच.) साचा हुबेहूब तोच. इथेही देव अडखळला का? एस्तेर ७:५ मध्ये अहश्वेरोश राजाही असाच 'म्हणाला, आणि म्हणाला'. तो तर रागाने पेटलेला आहे.

सांगायचं इतकंच की एखादी गोष्ट शैली आहे म्हणण्याआधी ती भाषेची रोजची चाल तर नाही ना, हे शब्दसूची (कोणता शब्द कुठे कुठे आला त्याची यादी) उघडून बघा. 'वय्य-' ची साखळी हीसुद्धा रोजची चाल आहे. हिब्रू कथा अशीच सांगतात. त्यामुळे साखळी दाखवण्यापेक्षा ती तुटते कुठे ते दाखवा. वचन १ पाहा. नेहमीचं 'वय्य-' रूप नाही, 'वेहा-एलोहिम निस्साह' ('आणि देवाने परीक्षा घेतली') : कर्ता आधी, क्रियापद नंतर आणि तेही वेगळ्या रूपात. कथा थांबून फक्त वाचकाच्या कानात सांगते की ही परीक्षा होती. अब्राहामाला ते वाक्य कधीच ऐकू येत नाही.

आणि स्वरचिन्हांवर फार डोलारा उभारू नका. ती मासोरा परंपरेच्या, म्हणजे पाठ जपणाऱ्या यहुदी पंडितांनी व्यंजनांवर कित्येक शतकांनी चढवली. आपण छापील पाठ म्हणून वाचतो ती लेनिनग्राड प्रत १००८ च्या आसपासची.

पोटफोड्या ष
एस्तेर मान्य. ४६:२ ही मान्य, चरफडत. पण तिथे हाक मारणारा देव आहे, इथे ओझं वाहणारा मुलगा. साचा तोच असला तरी वाचकाच्या कानावर तो सारखाच पडेल असं नाही.

काना_मात्रा
कानावर काय पडतं ते कानाबद्दल सांगतं. टिपण हिब्रूबद्दल आहे.

अनुस्वार
तुम्ही भांडा, माझं काम झालं. :)

'ऊन' बंद करून पूर्ण अध्याय पुन्हा उतरवला. वचन ३ मध्ये एक गोष्ट आता दिसली, जी 'ऊन'मध्ये झाकली गेली होती : गाढवावर खोगीर घालून झालं, गडी आणि मुलगा जमले, आणि *मग* तो लाकडं फोडतो. सगळे उभे आहेत, वाट बघतायत. उलटा क्रम.

दुसरी अडचण मात्र मराठीनेच उभी केली. वचन ८ : 'देव स्वतःच होमासाठी कोकरू पाहील, बेनी.' हिब्रूत संबोधनाला वेगळं रूप नाही. म्हणजे 'बेनी' ही हाक असू शकते, किंवा कोकरू कोण याचं उत्तर. मराठीत मला 'माझ्या मुला' किंवा 'माझा मुलगा' यांतलं एक निवडावंच लागतं. 'मुला' लिहिलं की बाप धीर देतो, 'मुलगा' लिहिलं की कबुली देतो. तासभर बसले. शेवटी नुसतं 'लेकरू' लिहिलं आणि आधीचा स्वल्पविराम तसाच ठेवला. चालेल?

खोडरबर
चालेल. तळटीप द्या, नाहीतर समासात पुन्हा 'म्हणून?' येईल.

काना_मात्रा
लाकडांच्या क्रमाचं लिहिण्याआधी 'बाका' (फोडणे) हा धातू शब्दसूचीत बघा.

अनुस्वार
बघतेय. पण ते वाक्य मी खोडणार नाही.