वॉशिंग मशीन, एक्सेल शीट आणि आतला कौल

खटपट्या:
मंडळी एक शंका आहे, हसू नका. वॉशिंग मशीन घ्यायचं म्हणून मी दोन महिने एक्सेल शीट केली, लिटर, आरपीएम, वॉरंटी, वीज, आणि जेवढे कॉलम वाढले तेवढा माझा गोंधळ वाढला. शेवटी बायको दुकानात आली, दोन झाकणं उघडून बघितली, "हे घेऊया" म्हणाली, पाच मिनिटांत विषय संपला. वर्ष झालं, मस्त चाललंय. हे नुसतं नशीब की मेंदू खरंच हिशोबाआधी कौल देतो? आम्हाला तर कायम भावना बाजूला ठेवून ठरवा असंच शिकवलं.

निशिगंध:
भावना बाजूला पडल्या की काय होतं ते बघा. अंतोनियो दमासिओ या न्यूरॉलॉजिस्टचा एक पेशंट, मेंदूच्या कपाळामागच्या, डोळ्यांच्या वर येणाऱ्या भागाला इजा झालेली. बुद्धी शाबूत, भावना बोथट. पुढच्या व्हिजिटला दोन तारखा दिल्या तर डायरी काढून जवळजवळ अर्धा तास तोलत बसला, दुसरी कामं, हवामान, सगळं. डॉक्टरांनीच सांगितलं दुसऱ्या तारखेला या, तर "ठीक आहे" म्हणून गेला. तुमची शीट आठवली :)

बोरूबहाद्दर:
त्याच टीमचा पत्त्यांचा खेळ आहे, आयोवातला, १९९४. चार गड्ड्या. दोघींत दर पत्त्याला १०० डॉलर मिळतात पण मधेच असा दंड बसतो की दहा पत्त्यांमागे २५० चा तोटा, उरलेल्या दोघींत फक्त ५० मिळतात पण दहामागे २५० फायदा. १९९७ मधे हाताला इलेक्ट्रोड लावून बघितलं तर वाईट गड्डीकडे हात जाण्याआधीच लोकांच्या तळव्यांना बारीक घाम, आणि "काहीतरी गडबड आहे" हे तोंडाने यायला साधारण ५० पत्ते लागले. मेंदूला तशी इजा झालेल्यांना तो घाम येतच नव्हता, काहींना कुठली गड्डी वाईट ते सांगता यायचं तरी हात तिकडेच.

तिरपागडा:
थांबा जरा. २००४ मधे माइया आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी तोच खेळ घेऊन जास्त खोदून प्रश्न विचारले, तर कुठली गड्डी बरी हे लोकांना बरंच आधीपासून माहीत असतं असं निघालं. आणि घाम येतो तोही आधी दंड बसल्यावरच ना, पहिल्या पत्त्याला कुणाचा हात ओला होत नाही.

खटपट्या:
हे वाचून बायकोला विचारलं तुला कसं कळलं. म्हणे, "ताईच्या बाळंतपणात तीन महिने तेच मशीन मी चालवलंय, तुम्ही विचारलंत कुठे?"