मदत हवी आहे : जुना कॅम्पिंग स्टोव्ह आणि आताचा गॅस

नमस्कार मंडळी. साताऱ्यात माळा आवरताना काकांचा निळा कॅम्पिंग स्टोव्ह सापडला. कॅम्पिंगगॅझ कंपनीचा, परदेशातून आणलेला. बर्नर अजून ठणठणीत, पण याला लागतो तो भोक पाडून बसवायचा 190 ग्रॅम गॅसचा डबा. त्याला ना आटे, ना झडप. एकदा बसवला की संपेपर्यंत काढायचा नाही. तो इथं कुठंच मिळेना. ट्रेकिंगच्या दुकानात आहेत ते सगळे आट्यांचे, झडपवाले.

एका दुकानदारानं सुचवलं, "5 किलोची छोटी टाकी घ्या, रेग्युलेटर लावा, नळी कोंबा, वर क्लिप आवळा, झालं!" मला काही ते पटलं नाही. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस येतो जेमतेम 30 मिलीबार दाबानं, आणि या स्टोव्हचं बारीक जेट (गॅस बाहेर पडायचं भोक) डब्याच्या थेट दाबावर चालणारं. म्हणजे ज्योत मिणमिणतीच राहणार. रेग्युलेटर न लावता जोडायचं म्हणाल तर विचारानंच घाम फुटतो. शिवाय आतलं रबरी वॉशर वाळून पार कडक झालंय.

तर विचारायचं असं, की या जुन्या स्टोव्हला आट्यांचा डबा बसेल असं अ‍ॅडॅप्टर कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? बुडाशी गळती होते का? साबणाच्या फेसानं तपासणारच आहे, पण अनुभव हवा. आणि वॉशर सातारा-सांगलीत कुठं मिळेल?

पुढच्या महिन्यात चंदन-वंदन किल्ल्यांवर जायचंय. "नवा घे" हा सल्ला बायकोनं आधीच दिलाय, तेवढा सोडून सांगा.