अनुभव धागा : कर्ज, तगादा आणि अशा वेळी कोण कामी आलं?

रानजाई (आर्णी)
परवा शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली. "बाई, मोटरसायकलवाला आला तर सांगजो, काकू माहेरी गेल्या." आणि स्वतः आतून कडी लावून बसल्या. गटाचं फायनान्सचं कर्ज आहे, हप्ता चुकला आहे, हे गल्लीला ठाऊक. तरी लपायचं.

मी हेच काम लहानपणी केलं आहे. सावकाराचा माणूस आला की मला दारात पाठवायचे, "बाबा वावरात गेले" म्हणायला. तो जायचा नाही. ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा, मग आईला चहा ठेवावाच लागे. चहा होईपर्यंत गोठ्यात जाऊन आमच्या बैलाचं तोंड उघडून दात पाहायचा. बैल किती वर्षांचा, विकला तर किती येतील, याचा हिशोब आमच्या देखत. बाबा घरातच, कोठीच्या मागे बसलेले असायचे.

२००६ सालची ही गोष्ट. त्याच जुलैत पंतप्रधान येऊन गेले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. बँकेचं थकीत व्याज माफ झालं, पण सावकाराची वही होती तशीच. २००८ ची कर्जमाफी आली तर आमचं वावर पाच एकरांवर, म्हणजे पूर्ण माफीतही बसलो नाही. पंचाहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सूट. भरायचे कुठून?

आम्हाला मदत झाली ती सोसायटीच्या गटसचिवांची. एका संध्याकाळी ते घरी आले आणि बाबांना म्हणाले, ज्यांचे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत ती सगळी नावं एका कागदावर लिहा. कोणाचे किती, कशावर, कागद आहे की तोंडी. आईला तोवर अर्धी नावं माहीतच नव्हती. ती यादी झाली आणि बाबा रात्री नीट जेवले. पैसे फिटायला पुढे बरीच वर्षं लागली, पण कोठीमागे बसणं त्या दिवशी संपलं.

तुमच्याकडे काय झालं, कोणाची मदत झाली, काय उपयोगी पडलं, लिहा. काकूंना वाचून दाखवणार आहे.

पऱ्हाटी_कारंजा
आमच्या इकडं सावकार कोणी म्हणत नाई, कृषी केंद्रवाला म्हणतेत. बियाणं त्याचं, खत त्याचं, फवारणीचं औषध त्याचं, सगळं उधारीत. आणि कापूस निघाला का त्याच्याच काट्यावर न्या. भाव तो सांगन तो. हर्रासात क्विंटलमागं जास्त भेटत असले तरी आपल्याले नेता येत नाई, कारण उधारीची चिठ्ठी त्याच्या गल्ल्यात. २०१७ ले बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली तवा तर सरकी बी हातात आली नाई, पण चिठ्ठीवर व्याज चालू.
मोठ्या भावानं एक केलं. प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल मांगाले लागला. सुरुवातीले दुकानदार चिडला. पण बिल आलं का छापील किंमत दिसते, उधारीचा भाव वेगळा लावता येत नाई. तेवढ्यावरच चांगला फरक पडला.

माहेर_वर्धा
काकूंना सांगा कडी काढा. फायनान्सवाल्यांना नियम आहेत. मी गटाची सीआरपी, म्हणजे गावातल्या बचत गटांना मदत करणारी कार्यकर्ती आहे, आमच्या प्रशिक्षणात सांगितलं ते लिहिते. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जाचे नियम काढले आहेत. वर्षाचं घरचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेलं बिनतारणी कर्ज म्हणजे सूक्ष्म कर्ज. त्यात वसुलीसाठी सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. हप्ता ठरलेल्या जागी द्यायचा. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथे गेलं नाही तरच घरी येता येतं. शिवीगाळ नाही, धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको. हे त्यांनी कर्ज देतानाच पाहायचं असतं, बाईनं नाही.
पोरगं भात मागून राहिलं, बाकी नंतर लिहिते

रानजाई (आर्णी)
माहेर, ९ ते ६ मला ठाऊकच नव्हतं! इथे रात्री आठला येतात.

माहेर_वर्धा
येतात. कारण कोणी विचारत नाही. नाव, ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवा म्हणायचं, दोन शेजारणी सोबत उभ्या करायच्या. आमच्या गावात एका ताईनं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं तशी त्याची भाषा बदलली, "वहिनी वहिनी" करायला लागला.
आणि एक. गटातल्या बाकीच्या बाया त्या एकीच्या दारात जाऊन बसतात ना, ते सगळ्यात वाईट. हप्ता भरून घ्यायला कंपनीवाला त्यांनाच पुढे करतो. मग शेजार तुटतो. आमच्याकडे दोघी जावा अजून बोलत नाहीत.

तूरडाळ
वाचून छातीत धस्स झालं. माझी आई पण कडी लावायची. एवढंच लिहिते.

जुनाबँकवाला (अमरावती)
ग्रामीण शाखेत सगळी नोकरी झाली माझी, म्हणून थोडं पलीकडच्या बाजूनं. थकलेला माणूस बँकेत यायचंच सोडतो आणि तिथेच प्रकरण बिघडतं. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली, सरकारनं दुष्काळ जाहीर केला की पीककर्जाचं पुनर्गठन होतं, वसुलीला स्थगिती मिळते. पण त्यासाठी शाखेत येऊन सही करावी लागते. येत कोण नव्हतं, तर घाबरलेले.
खातं एनपीएत, म्हणजे बुडीत-थकीत खात्यांत गेलं असेल तर एकरकमी परतफेडीची योजना कधी निघते ते विचारत राहा. लोकअदालतीची नोटीस आली तर घरी बसू नका, जा. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी आकडा दोनदा वाचा. आणि पैसे भरल्यावर नाहरकत घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका. ते पत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. हे शेवटचं काम राहून जातं आणि दहा वर्षांनी पोराच्या कर्जाच्या वेळी वर येतं.

सोयाबीन_मेहकर
साहेब एक विचारतो, नवंजुनं करून टाका म्हणतात बँकेत दरवर्षी, ते बरोबर का? आमच्या इथं दोन दिवसांसाठी बाहेरून पैसे आणून भरतात आणि परत काढतात. त्या दोन दिवसांचं व्याज ऐकलं तर डोकं फिरते.

जुनाबँकवाला (अमरावती)
वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं, पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे. म्हणून लोक मुदतीच्या आत फिरवतात. फिरवण्याला हरकत नाही, पण त्यासाठी शेकडा दराचा माणूस गाठू नका. तूर निघाली की थोडी थोडी रक्कम खात्यात टाकत चला, मुदतीच्या दिवशी खिंडीत सापडत नाही.

सोयाबीन_मेहकर
तूर बी यंदा फुलावर धुई (धुकं) आली साहेब. पण बरोबर आहे तुमचं.

पऱ्हाटी_कारंजा
@सोयाबीन मेहकरले सोयाबीन काय लागलं? आमच्या मार्केटात ओलावा ओलावा करून कापून राहिले

सोयाबीन_मेहकर
तेच इथं. वाळवून नेलं तरी मशीन त्यायचीच.

पोट्टा_नागपूर
मी गावचा, चिमूरकडचा, कामाला नागपुरात. माझं ॲपचं आहे. बहिणीच्या लग्नात कमी पडले म्हणून मोबाइलवरून घेतले, दहा मिनिटांत आले. आठव्या दिवसापासून फोन. मग माझ्या मोबाइलमधले सगळे नंबर त्यांच्याकडे, गावच्या सरपंचाला फोन, होणाऱ्या जावयाला फोन, माझा फोटो खराब करून पाठवला. बाबा विचारत होते, बेटा तू काय केलं? मी काहीच चोरलं नव्हतं.
रूमवरच्या दादानं १९३० वर फोन लावून दिला, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे. मग पोलीस स्टेशनात स्क्रीनशॉट घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनं सांगितलं की कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो घ्यायची परवानगीच नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि ते ॲप कोणत्या बँकेचं किंवा नोंदणी असलेल्या कंपनीचं हे लिहिलेलंच नव्हतं. तक्रार दिल्यावर फोन हळूहळू बंद झाले. ज्यांना ज्यांना मेसेज गेले त्या सगळ्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं. सरपंच म्हणाले, "बापा, मले पयलेच का नाई सांगतलं."

तूरडाळ
सरपंच चांगला भेटला तुला. बहिणीचं लग्न झालं ना नीट?

पोट्टा_नागपूर
हो ताई, झालं. जावई सगळ्यात जास्त पाठीशी उभे राहिले.

ढगफुटी (दर्यापूर)
आमची केस जमिनीची आहे, मोठं लिहितो, सांभाळून घ्या.
वडिलांनी आजीच्या दवाखान्यासाठी एकाकडून पैसे घेतले. त्याने गहाण लिहून घेतलं नाही, सरळ खरेदीखत करून घेतलं. तोंडी बोली अशी की मुद्दल-व्याज दिलं की वावर परत लिहून देतो. व्याज शेकडा पाच, महिन्याचं. वावर आम्हीच पेरत होतो, वडील दर हंगामाला पैसे नेऊन देत होते, तो वहीत लिहायचा, पावती कधी नाही. एका वर्षी म्हणाला, आता वावर माझं आहे, पेरू नका. फेरफार पण झालेला.
वकिलाकडं जायला पैसे नव्हते. बाजारात एका ओळखीच्यानं सांगितलं, सहायक निबंधकाच्या ऑफिसात जा, सहकारवाले. आम्हाला वाटलं ते दूध संस्था, सोसायट्या पाहतात. पण सावकारी पण त्यांच्याकडेच आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४. विना परवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मुख्य म्हणजे कलम १८. सावकारीच्या व्यवहारात लिहून घेतलेली जमीन, व्यवहार अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला असेल, तर चौकशी करून जिल्हा उपनिबंधक परत देण्याचा आदेश करू शकतात.
अर्ज दिला. चौकशीत त्यांनी काय काय पाहिलं ते सांगतो, कारण हेच कोणी सांगत नाही. खरेदीची किंमत बाजारभावापेक्षा किती कमी होती. खरेदीनंतर वावर कोण पेरत होतं, म्हणजे सातबाऱ्यावरचा पेरा, मोटारीचं वीजबिल, पीकविम्याची पावती. त्या माणसानं गावात अजून किती जणांकडून अशी खरेदी घेतली. आमच्या गावातले आणखी दोन घरचे लोक आधी बोलायला तयार नव्हते. आईनं त्यांच्या घरी जाऊन बायकांना समजावलं. त्यांनी पण अर्ज दिले तेव्हा प्रकरणाला जोर आला. त्याच्या घराची झडती झाली, कोरे चेक आणि सह्या केलेले स्टॅम्पपेपर निघाले.
आदेश आमच्या बाजूनं झाला. तो अपिलात गेला, विभागीय सहनिबंधकाकडं, तिथं पण टिकला. वेळ लागला, खूप लागला, आणि त्या काळात गावात काही लोकांनी आमच्याशी बोलणं सोडलं. पण सातबाऱ्यावर वडिलांचं नाव परत चढलं. त्या दिवशी वडिलांनी तलाठी ऑफिसातच उतारा तीन वेळा वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला.

रानजाई (आर्णी)
ढगफुटी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं करणं, किती मोठी हिंमत.

माहेर_वर्धा
वडिलांचं वाचून डोळे भरले. आईंना आमच्या गटाच्या मेळाव्यात बोलवायचं आहे, खरंच सांगते, व्यक्तिगत निरोप पाठवते.

पऱ्हाटी_कारंजा
परवानावाले सावकार बी आहेत नं, त्यायचे दर किती असतेत?

ढगफुटी (दर्यापूर)
आमच्या वेळी ऑफिसात फलक होता. शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, बिनतारणी १२ टक्के. वर्षाला, महिन्याला नाही. आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, किती का वर्षं होवोत.

पऱ्हाटी_कारंजा
शेकडा पाच म्हणजे वर्षाले ६० झाले. बापरे. हे घरोघरी सांगाले पायजे.

अबोली_घाटंजी
मी पहिल्यांदाच लिहिते आहे. माझे मिस्टर गेल्या वर्षी गेले. कसे गेले ते लिहीत नाही, इथल्या सगळ्यांना समजेल. दिवस सुद्धा झाले नव्हते आणि फायनान्सचा माणूस दारात. हप्ते माझ्या नावावर होते.
अंगणवाडीच्या ताईंनी कर्जाचं कार्ड मागून पाहिलं. त्यात कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापलेले होते आणि विमा नवरा-बायको दोघांचा होता. मृत्यूचा दाखला, आधार, बँक पासबुक देऊन दावा केला. ते आधी नाहीच म्हणत होते. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. वकील मॅडमनं एक पत्र पाठवलं आणि उरलेलं कर्ज विम्यातून वळतं झालं. ज्यांच्या घरी असं झालं असेल त्यांनी कार्ड नक्की पाहा.

तूरडाळ
अबोली, तू लिहिलंस. बरं केलंस. तुझ्याकडे मुलं किती लहान आहेत ग? काही लागलं तर हक्कानं सांग.

अबोली_घाटंजी
दोन. मोठी सातवीत. आता शिलाई सुरू केली आहे, शाळेचे युनिफॉर्म मिळतात.

माहेर_वर्धा
अबोली, उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण अभियानाच्या) बचत गटात नाव आहे का? नसेल तर तुमच्या गावच्या प्रेरिकेशी बोलून देते.

जुनाबँकवाला (अमरावती)
अबोलीताईंच्या हिमतीला सलाम. विधी सेवेचा फोन नंबर १५१००. आणि रात्री मन फार जड झालं, कोणाशी बोलता येत नसेल, तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. हे दोन्ही नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घ्या.

पोट्टा_नागपूर
कंपनीनं तक्रार ऐकलीच नाही तर पुढं कुठं?

जुनाबँकवाला (अमरावती)
आधी कंपनीकडे लेखी, पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन किंवा पोस्टानं, फी नाही. माहितीसाठी १४४४८.

रानजाई (आर्णी)
काकूंना आत्ता सगळं वाचून दाखवलं. कार्ड शोधून आणलं, तांदळाच्या डब्यात होतं. विम्याचे कापले आहेत. काका आहेत ठणठणीत, तो विषय नाही, पण हप्त्याची तारीख आणि कंपनीतल्या तक्रारीचा नंबर त्यावरच छापलेला निघाला. त्या विचारतात, तीन महिन्यांची मुदत मागायचा अर्ज मराठीत चालेल ना? कापूस विकला की भरायला तयार आहेत.

माहेर_वर्धा
चालतो. दोन प्रती करा, एकीवर तारीख आणि सही-शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती कार्डालाच टाचून ठेवा. गटातल्या चौघींच्या सह्या खाली घेतल्या तर अजून बरं.

रानजाई (आर्णी)
उद्या दुपारी आम्ही लिहायला बसतो. मसुदा इथे टाकते, चुका काढा.