‘नाईट ट्रेन मर्डर्स’ (१९७५): निव्वळ नक्कल, की गटात दाखवण्यासारखा सूडपट?

आर्वीकर_पडदेवाला

नमस्कार मंडळी. आर्वीजवळच्या गावात आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. कापसाची वेचणी आटोपली की महिन्यातून एकदा गोदामात पडदा लावून जुने परदेशी थरारपट बघतो. यंदा सूडपट घेतलेत. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा ‘द व्हर्जिन स्प्रिंग’ (१९६०) झाला, वेस क्रेव्हनचा ‘द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट’ (१९७२) झाला. आता आल्दो लादोचा ‘नाईट ट्रेन मर्डर्स’ लावावा म्हणतो, पण गटात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, क्रेव्हनची कथा घरातून उचलून आगगाडीत ठेवली, पुन्हा तेच कायले पाहावं? दुसरा म्हणतो, इटालियन आहे, मोरिकोनेचं संगीत आहे, पाहून घेऊ.

ज्यांनी नीट पाहिलाय त्यांनी सांगावं. कथेत नवं काही आहे का? आणि कोणती प्रत, कोणती भाषा घ्यावी? प्रोजेक्टर लहान एलईडीवाला आहे, पडदा सहा फूट रुंद. निम्म्या लोकांना इंग्रजी सबटायटल वाचेवाचेपर्यंत निघून जाते, म्हणून मराठी करायचा विचार आहे.

वडसा_नाका

नक्कल आहेच, त्यात वाद नाही. पोस्टर लावणाऱ्यांनी तर लपवलंही नाही. अमेरिकेत हा सिनेमा ‘न्यू हाउस ऑन द लेफ्ट’ अशा नावानेही चालवला गेला. त्या काळात इटलीत हा उघड धंदा होता. एक सिनेमा चालला की वर्षा-दोन वर्षांत त्याच वळणाचे दहा निघायचे. १९७९ चा ‘झोंबी २’ तर असा दुसरा भाग आहे, ज्याचा पहिला भाग दुसऱ्याच माणसाने अमेरिकेत काढला होता.

पण तुमच्या गटाने आधीचे दोन्ही पाहिलेत, म्हणून हा तिसरा जास्त रंगेल. तिन्हींत मुलीला मारणारे नकळत तिच्याच आईबापाच्या घरी येतात आणि एका वस्तूवरून ओळखू येतात. ती ओळख पटवणारी वस्तू बघा. बर्गमनमध्ये खुनी मुलीचा उंची पोशाख तिच्याच आईला विकायला काढतात. क्रेव्हनमध्ये गळ्यातलं पदक आहे. लादोमध्ये टाय आहे, मुलीने बापाला नाताळची भेट म्हणून घेतलेला, आणि तो दिसतो एका लफंग्याच्या गळ्यात. पुढे रेडिओवरची बातमी उरलीसुरली शंका संपवते.

दुसरी गोष्ट योगायोगाची. खुनी नेमके मेलेल्या मुलीच्याच घरी कसे पोचतात, हा या कथेचा कच्चा दुवा. बर्गमनचा काळ मध्ययुगाचा, रानात आसरा मागायला घरंच थोडी, तिथे निभावतं. क्रेव्हनकडे गाडी बंद पडते, ते ओढूनताणून वाटतं. लादोकडे मात्र आईबाप मुलीला आणि तिच्यासोबतच्या दुसऱ्या मुलीला घ्यायला स्टेशनवर आलेले असतात. मुली उतरत नाहीत, त्याच गाडीतून खुनी तिघं (दोन गुंड आणि एक बाई) उतरतात, बाईच्या पायाला लागलेलं असतं आणि बाप सर्जन असतो. तो त्यांना उपचारासाठी घरी नेणारच. तिन्ही सिनेमांत हे जुळवणं सगळ्यात पक्कं आहे. नक्कल करणाऱ्याने मूळ लेखकापेक्षा चांगला सांधा बसवलाय.

आणि खरी भर म्हणजे ती बाई. ब्लॅकी (फ्लाव्हियो बुच्ची) आणि कर्ली (जानफ्रांको दे ग्रासी) सुरुवातीला फुटकळ गुंड आहेत. म्युनिकमध्ये रस्त्यावरच्या सांताक्लॉजला मारून लुटणं, कुणाचा फरचा कोट फाडणं, एवढीच त्यांची मजल. गाडीत त्यांना ही चांगल्या घरची, चेहऱ्यावर जाळी घेतलेली बाई भेटते (माशा मेरिल). पुढचं सगळं तिच्या चिथावणीने वाढत जातं. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक कोण ते एंट्रीलाच कळते. इथे तशी एंट्री त्या दोघांना दिलीय आणि खरं खलपात्र सभ्य लोकांच्या घोळक्यात बसून आहे. सिनेमाभर तिला नाव नाही. शेवटी बापाचा सूड दोघा फाटक्यांवर पडतो. बाई बळी असल्यासारखी उभी राहते, जाळी खाली ओढते. तिची भाषा आणि कपडे डॉक्टरच्या वर्गातले, म्हणून तिच्यावर संशयच जात नाही.

आधीच्या दोन्हींत हे नाही. बर्गमनचा बाप सूड घेऊन देवापुढे उभा राहतो, क्रेव्हनचे आईबाप सुन्न बसतात. लादोच्या बापाला आपण अर्धाच हिशोब केला हेही ठाऊक नाही.

तिवसा_ताई

वडसा दादांचं वाचन बरोबर आहे, पण सिनेमा एवढा शहाणा नाही.

वेळ कुठे खर्च केलाय ते बघा. दीड तासाच्या सिनेमात डब्यातला छळ लांबच लांब चालतो आणि सूड शेवटी घाईघाईत गुंडाळलाय. ज्या भागात वर्गाचा मुद्दा पक्का व्हायला हवा, तिथेच दिग्दर्शकाला घरी जायची घाई. मधूनमधून मुलीच्या घरच्या नाताळच्या जेवणाचे तुकडे जोडलेत. पाहुणे समाजातल्या हिंसेवर गप्पा मारतात, तिकडे गाडीत हिंसा सुरू. पहिल्या वेळी लागतं. नंतर नंतर शिक्षक फळ्यावर तेच वाक्य पुन्हा लिहून राहिला असं होते.

दुसरं, सगळ्यांत वाईट कोण तर बाई. दोन पुरुष करणारे, तिसरा एक प्रवासी आधी बाहेरून बघणारा आणि मग आत ओढला जाणारा, आणि दोष जाऊन बसतो तिच्यावर. तिला कशाची चीड आहे, कशाची भूक आहे, याला एकही धड प्रसंग नाही. मेरिलने डोळ्यांनी जे केलं तेवढंच. त्याच वर्षी ‘डीप रेड’मध्ये छोट्या भूमिकेतही ती जास्त भरीव आहे.

तो बघणारा प्रवासी मात्र सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट आहे. चर्चा त्याच्यापासून सुरू करा. बाईपासून केली तर गाडी ‘बाईच बाईची वैरी’वर जाऊन अडकेल आणि मग रात्रभर तेच.

दाखवायचाच असेल तर आधी सरळ सांगून टाका की मधल्या भागात लैंगिक अत्याचार आहे, लांब आहे, आणि तो निळ्या उजेडात सुरू होतो. उठून जायचं असेल तर तेव्हा जाता येतं, मागून कथा समजायला अडचण नाही. दार मागच्या बाजूला असू द्या, पडद्यासमोरून कोणाला जावं लागू नये. पोरंसोरं गोदामात नकोत, गावातलं दार उघडं राहते म्हणून लिहिते.

गट तयार नसेल तर मारिओ बाव्हाचा ‘रॅबिड डॉग्ज’ लावा. जवळजवळ सगळा सिनेमा एका मोटारीत. १९७४ मध्ये चित्रित झाला, निर्मात्याचं दिवाळं निघालं आणि वीसेक वर्षं अडकून पडला. सूडपट नाही, अपहरणाचा आहे, आणि त्यातही क्रूरपणा आहेच. पण बंद डब्यात माणसं कोंडून ताण कसा चढवावा हे बाव्हाला लादोपेक्षा जास्त जमलंय, आणि शेवटचा फटका असा की सगळा सिनेमा मागे जाऊन पुन्हा तपासावा लागते.

बडनेरा_जंक्शन

मतं वरच्यांनी दिली, मी तांत्रिक बाजू घेतो.

प्रत न कापलेली घ्या. ब्रिटनमध्ये १९७६ ला थिएटरचं प्रमाणपत्र नाकारलं होतं आणि थेट २००८ मध्ये न कापता मंजूर झालं, त्यामुळे जुन्या व्हीएचएसवरून उतरवलेल्या प्रतींवर भरवसा ठेवू नका. चित्राची चौकट (रुंदी:उंची) १.८५:१ आहे. चौकोनी, जुन्या टीव्हीसारखं दिसत असेल तर बाजू कापलेल्या आहेत. या सिनेमात ते महागात पडतं, कारण डब्याच्या दारातला, काचेपलीकडचा माणूस चौकटीच्या कडेलाच असतो.

भाषेवरून भांडू नका. तेव्हाचे इटालियन सिनेमे आवाज नंतर भरूनच व्हायचे. सेटवर ज्याची जी भाषा ती बोलायचा. इथे मुलींपैकी एक झालेली आयरीन मिरॅकल अमेरिकन, मेरिल फ्रेंच बोलणारी. ओठ कोणत्याच ट्रॅकला पूर्ण जुळत नाहीत. जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांसाठी मी इटालियन घेईन, इंग्रजीत त्या पोथी वाचल्यासारख्या वाटतात. (बाप झालेला एन्रिको मारिया सालेर्नो हा सर्जिओ लेओनेच्या डॉलर-सिनेमांत (वेस्टर्न) इटालियन प्रेक्षकांसाठी क्लिंट ईस्टवुडचा आवाज होता.)

आता एक फसगत. ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज १५०-२०० मिलिसेकंद मागे पडू शकतो. एरवी लगेच कळतं, इथे सगळे ‘डबिंगच तसं आहे’ म्हणून सोडून देतात. तारेनेच जोडा. ते जमत नसेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज पुढेमागे करा, पण तपासायला बोलणं घेऊ नका. दार आपटतं तो क्षण घ्या.

सिनेमा मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा नाही. दोन स्पीकर दोन कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा एकच पडद्याखाली मधोमध ठेवा. टिनाच्या छताखाली कर्लीच्या माउथ ऑर्गनचा वरचा सूर कानात टोचेल, तेव्हा ट्रेबल थोडा उतरवा. फार उतरवू नका, मोरिकोनेने धोक्याची सगळी सूचना त्या वाद्यावर ठेवलीय. पात्र पडद्यावर नसतं तेव्हाही ते वाजतं आणि माणूस जवळपास आहे हे कळतं. सुरुवातीचं गायक देमिस रुसोसचं गोडमिट्ट गाणं ऐकून कोणी हसलं तर हसू द्या.

मोठी अडचण निळ्या उजेडाची. मधल्या भागात डब्यातला मुख्य दिवा बंद होतो, फक्त रात्रीचा निळा दिवा राहतो. लहान एलईडी प्रोजेक्टरवर हा भाग काळा डबका होतो. खोक्यावर छापलेले हजारो लुमेन (उजेडाचं माप) धरू नका, प्रमाणित पद्धतीने मोजलेले एएनएसआय लुमेन किती ते पाहा, ते बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी कमी असतात. चित्र सहा फुटांऐवजी साडेचार फूट रुंद ठेवलं तर तेवढाच प्रकाश कमी जागेत पडतो आणि उजेड पावणेदोन पट होतो. प्रोजेक्टरचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, त्यात निळा फुगतो आणि चेहरे जातात. मग व्हीएलसीत कंट्रोल-ई दाबून प्रतिमेच्या समायोजनात गॅमा (मधल्या छटांचा उजेड) १ वरून १.२ पर्यंत न्या. ब्राइटनेस वाढवू नका, त्याने काळा रंग राखाडी होतो, बाकी काही नाही. गोदामाच्या फटीतून रस्त्याचा दिवा येत असेल तर तिथे ताडपत्री.

गोदामात कापूस आहे का? असेल तर प्रोजेक्टरच्या पंख्याचं तोंड गंजीकडे नको आणि एक्स्टेंशन बोर्ड कापसापासून लांब, उघड्या फरशीवर. कापसाची फुलकी पंख्यात अडकली की प्रोजेक्टर तासाभरात तापून बंद पडतो. आधी जाळी साफ करून घ्या.

आर्वीकर_पडदेवाला

धन्यवाद. ताई, दाराचं लक्षात घेतो, आमचं दार पडद्याच्या बाजूलाच आहे, पडदा फिरवावा लागेल. प्रत मिळाली. इंग्रजी सबटायटल सुरुवातीला जुळते, अर्ध्या तासाला सव्वा मिनिट आधी येऊन राहिली. व्हीएलसीतल्या जी-एच कळा दाबून दाबून थकलो. मराठी करायची ती याच फाइलवर करू का?

बडनेरा_जंक्शन

जी-एच ने होणार नाही. त्या कळा ५० मिलिसेकंदांनी सगळ्या ओळी सारख्याच सरकवतात, तुमची तफावत वाढत जाणारी आहे. सबटायटल युरोपच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनलेलं आणि तुमची फाइल २३.९७६ ची. २५ वर ९४ मिनिटांचा सिनेमा ९० मिनिटांत धावतो, म्हणून दर दहा मिनिटांना साधारण २५ सेकंद फरक पडतो. तुमचं सव्वा मिनिट बरोबर त्याच हिशोबात बसतं.

सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. सिंक्रोनायझेशनमध्ये फ्रेम रेट बदला, २५ वरून २३.९७६. उलट केलं तर तफावत दुप्पट होईल. मग पहिली आणि शेवटची ओळ तपासा. दोन्ही सारख्याच सेकंदांनी पुढेमागे असतील तरच जी-एच.

भाषांतर आधी करू नका, वेळ जुळवून झाल्यावरच. नाहीतर ओळी तोडताना-जोडताना वेळा बिघडतात आणि काय बदललं तेच समजत नाही. एका वेळी दोनच ओळी, कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात. गाडीतल्या भागात बोलणं तुटक आहे, तिथे सोपं जाईल. जेवणाच्या टेबलावर चारजण एकावर एक बोलतात, तिथे सगळं भाषांतर करत बसू नका. बापाची वाक्यं पूर्ण ठेवा, पाहुण्यांची छाटा.

फाइल यूटीएफ-८ या अक्षर-एन्कोडिंगमध्ये जतन करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येते. जोडाक्षरं फुटून दिसली तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये सबटायटलचा फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी करा. रंग पिवळा. पांढरा त्या निळ्या भागात ठीक दिसतो, पण नाताळच्या बर्फावर हरवतो.

वडसा_नाका

पुढच्या महिन्यासाठी कोणी रुज्जेरो देओदातोचा ‘हाउस ऑन द एज ऑफ द पार्क’ (१९८०) सुचवेल, कारण क्रेव्हनच्या सिनेमातला मुख्य गुंड डेव्हिड हेस यातही गुंडच आहे. ती नक्कल जास्त उघडी आहे आणि छळ एकाच घरात, अजून दमवणारा. त्याऐवजी हेसचाच ‘हिच-हाइक’ (१९७७) घ्या. फ्रांको नेरो, कोरीन क्लेरी, पुन्हा मोरिकोने. भांडखोर नवरा-बायको आणि लिफ्ट मागणारा गुन्हेगार. तिथे सूडापेक्षा पैसा मोठा होतो, तुमच्या मालिकेत तो शेवटी शोभेल.

आणि एक कामाचं. बाहेरच्यांना तिकीट लावून किंवा चौकात बोर्ड लावून दाखवू नका. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, शिवाय हक्कांचा प्रश्न वेगळा. गट वाढवायचाच असेल तर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजला (१९५९ पासून आहे, सत्यजित राय पहिले अध्यक्ष) विचारून रीतसर सोसायटी काढा.

तिवसा_ताई

‘हिच-हाइक’लाही तीच सूचना आधी द्या, क्लेरीच्या वाट्याला त्यातही कमी येत नाही. आणि आर्वीकर भौ, पडदा फिरवाल तेव्हा बायकांच्या खुर्च्या दाराकडच्या बाजूला लावा.